पंधरा रुपये भागिले बारा

तर झालं असं की गेल्या महिन्यात साताऱ्याच्या घराला रंग द्यायचा ठरला आणि माळा रिकामा करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. (आयटीत असलो तरी घरी गेल्यावर आपण हमालच. असो.) माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात जुनी पंचांगं, एलआयसीच्या पावत्या, शाळेचं एक हजेरीपुस्तक आणि या सगळ्याच्या तळाशी एक छोटंसं, पासबुकाएवढं पुस्तक. आत पोस्टाचे शिक्के आणि तिकिटं चिकटवलेली. मला वाटलं अल्पबचतीचं काहीतरी असेल, कदाचित पैसे निघतील! बाबांना दाखवलं तर ते हसले. म्हणाले, "अरे, हे रेडिओचं लायसन्स आहे."

रेडिओचं लायसन्स? म्हणजे गाडीचं असतं तसं?

हो, अगदी तसंच. घरात रेडिओ ठेवायचा तर दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे. सत्तरच्या दशकात साध्या रेडिओला वर्षाचे 15 रुपये, पुढे टीव्ही आला तेव्हा त्याला 50. तपासनीस घरी येऊन पुस्तक बघू शकायचा, आणि नसेल तर दंड, वेळ पडली तर सेटही जप्त. आजोबा प्राथमिक शिक्षक. बाबा सांगतात त्याप्रमाणे तेव्हा त्यांचा पगार दोनशेच्या घरात होता. म्हणजे 15 रुपये हा काही चिल्लर खर्च नव्हता. आजीने एकदा "या वर्षी नको, रेडिओ विकून टाकू" असंही सुचवलं होतं म्हणे.

त्याच रात्री मी सवयीने एक्सेल उघडलं. (आमच्या जमातीला कुठलीही भावना झाली की ती आधी एक्सेलमध्ये भरावी लागते.) पुण्यातल्या आमच्या टू-बीएचकेचा हिशेब: वायफाय महिना 825, म्हणजे वर्षाला 9,900. चार ओटीटी आणि गाण्यांचं एक अ‍ॅप मिळून वर्षाला 6,700. एकूण 16,600 रुपये. राहणारी माणसं दोन, मी आणि सौ. म्हणजे माणशी 8,300.

आजोबांचे 15 रुपये. ऐकणारी माणसं? बाबांनी बोटांवर मोजली. घरातली सात, शेजारचे तीन आणि बातम्यांना हमखास येणारे दोन मास्तर. बारा. पंधरा भागिले बारा, म्हणजे माणशी वर्षाला सव्वा रुपया!

आता कोणी म्हणेल महागाई धर, पगार धर. धरली. तरीसुद्धा मला त्या भागाकारातला वरचा आकडा नाही, खालचा आकडा छळायला लागला. आणि मग दोन विकांत मी याच विषयाचा इतिहास वाचत बसलो. जे सापडलं ते इतकं मजेदार आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हवेतून येणाऱ्या मालाचं बिल

गोष्ट सुरू होते मुंबईत, 23 जुलै 1927 ला. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. महिनाभरात कलकत्त्याचं. ही खाजगी कंपनी होती, आजच्या भाषेत स्टार्टअप म्हणा. बिझनेस मॉडेलही ओळखीचं: वर्गणी. श्रोत्याने लायसन्सचे वर्षाला 10 रुपये भरायचे, त्यातले 8 कंपनीला मिळायचे.

आता यातली अडचण बघा. दूधवाल्याला पैसे दिले नाहीत तर तो दूध बंद करतो. रेडिओवाला काय बंद करणार? लहरी हवेत सोडल्या की सोडल्या. ज्याने पैसे भरलेत त्यालाही ऐकू येणार आणि ज्याने नाही भरले त्यालाही. त्यात केंद्राची ताकद दीड किलोवॅट, आवाज नीट पोचणार तीसेक मैल. सेट महाग. लोकांनी दोन मार्ग काढले: काहींनी लायसन्सच काढलं नाही, आणि बाकीच्यांनी एकाच सेटभोवती गर्दी केली. 1929 संपताना अख्ख्या हिंदुस्थानात लायसन्सं होती आठ हजारांच्याही आत! मार्च 1930 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. एप्रिलमध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि 1936 मध्ये तिचं नाव झालं ऑल इंडिया रेडिओ.

मधल्या काळात सरकारने काय केलं असेल? 1933 मध्ये कायदा केला. ऐकणाऱ्याला पकडता येत नाही ना, मग विनापरवाना यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा! तुमचा पासवर्ड मेव्हण्याने वापरला म्हणून कंपनी मेल पाठवते ना, त्या मेलचे हे पणजोबा.

इथे मला पहिल्यांदा टोटल लागली. या धंद्यात गेली जवळजवळ शंभर वर्षं एकच भांडण चालू आहे. विकणाऱ्याला वाटतं, भागाकारात खाली 'एक' असावा. एक माणूस, एक बिल. आणि घेणाऱ्या घराला वाटतं, खाली जितकी जास्त माणसं बसवता येतील तितकं बरं.

सरकारनेच वाढवलेला छेद

गंमत म्हणजे एकदा सरकारने स्वतःच हा खालचा आकडा मुद्दाम वाढवून बघितला, आणि तो प्रयोग आपल्याकडेच झाला. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 'रेडिओ शेतकरी मंडळं' चालवली. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा अशा पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं. गावात एक रेडिओ, त्याच्याभोवती वीसेक माणसांचं मंडळ. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. आधी ऐकायचं, मग चर्चा करायची, आणि मंडळाचे प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरं मिळायची.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचं मोजमाप केलं. नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावंही तुलनेसाठी घेतली होती. (ए-बी टेस्टिंग आपण शोधून काढलं असं वाटणाऱ्यांनी नोंद घ्यावी :-) ) निष्कर्ष असा की मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती सगळ्यात जास्त वाढली. नुसता रेडिओ असून तेवढा फायदा झाला नव्हता. म्हणजे यंत्र तेच, कार्यक्रम तोच. फरक कशाने पडला, तर भोवती बसलेल्या माणसांनी आणि नंतरच्या गप्पांनी.

हे वाचून मी जरा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो होतो. का, ते पुढे सांगतो.

बिल गेलं कुठे?

लायसन्सचं पुढे काय झालं ते आधी संपवतो. आकाशवाणीने 1952 नंतर माहितीमंत्री केसकरांच्या काळात सिनेसंगीत जवळपास हद्दपार केलं. लोक सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' लागायची. म्हणजे वर्गणी भरायची दिल्लीला आणि ऐकायचं कोलंबोला! आणि कोलंबो फुकट का होतं? कारण बिल टूथपेस्टवाला भरत होता. शेवटी 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली, आणि 1 नोव्हेंबर 1967 पासून तिच्यावर जाहिराती आल्या. पहिली केंद्रं कुठली? मुंबई, पुणे आणि नागपूर. म्हणजे रेडिओचं बिल श्रोत्याच्या खिशातून साबण-तेलवाल्यांच्या खिशात सरकायला सुरुवात झाली ती महाराष्ट्रातच.

(अर्थात साबणवाला ते पैसे साबणाच्या किमतीतूनच काढतो. फुकट काही नसतं, बिलाचा पत्ता तेवढा बदलतो.)

टीव्हीचंही तेच. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात दिसायला लागलं. बाबांच्या मामांचा शनिवार पेठेत वाडा होता, आणि वाड्यात टीव्ही एकच. बाबा सुट्टीत तिकडे जायचे. गुरुवारी 'छायागीत', रविवारी हिंदी सिनेमा, आणि बघायला अख्खा वाडा अधिक बाहेरची पोरं. मालक बाहेरच्या पोरांकडून चार आणे घ्यायचा. बाबा सांगतात, "आम्ही चार आणे द्यायचो, पण खिडकीतून बघणाऱ्यांना फुकट होतं." (1927 सालच्या कंपनीचं दुःख त्या मालकाला नक्की कळलं असतं.)

1982 मध्ये रंग आले, 1984 च्या सुमारास गावोगावी छोटे ट्रान्समीटर उभे राहिले, 'हम लोग'सारख्या मालिकांना प्रायोजक मिळाले. जाहिरातीतून पुरेसे पैसे येताहेत म्हटल्यावर ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रेडिओ आणि टीव्ही दोन्हीचं लायसन्स रद्द झालं. आजोबांच्या पुस्तकातली पुढची पानं कोरी आहेत.

त्याच काळात व्हीसीआर आला. तो विकत घेणं म्हणजे चैन, म्हणून लोक भाड्याने आणायचे. शनिवारी रात्री टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी. बिल्डिंगीत वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत तिन्ही सिनेमे संपवायचे, कारण सकाळी दहाला परत द्यायचंय. पिच्चर कसा का असेना, भाडं वसूल झालं पाहिजे! आणि 1987-88 च्या 'रामायणा'बद्दल तर काय बोलायचं. भागाकाराचा खालचा आकडा भारतात इतका मोठा त्याआधी कधी झाला नसेल.

मग आला मोजणारा डबा

1991 मध्ये आखाती युद्ध सीएनएनवर थेट दिसलं, त्याच वर्षी स्टार आलं, 2 ऑक्टोबर 1992 ला झी टीव्ही. गल्लीतल्या एखाद्या उद्योगी माणसाने गच्चीवर डिश लावायची आणि झाडांवरून, खांबांवरून वायर टाकत घरोघर कनेक्शन द्यायचं. कायदा यायला 1995 उजाडलं. यातही तोच खेळ: केबलवाला वर वाहिन्यांना सांगताना घरं कमी सांगायचा. तीनशे घरं असली तर पन्नास सांगायची. त्याचाही छेद मोठा, बिल छोटं.

वाहिन्यांनी यावर आयुध काढलं ते म्हणजे सेट-टॉप बॉक्स. तो काय करतो? चित्र दाखवतो हे खरंच, पण त्याचं मुख्य काम मोजणं. 2003 मध्ये चेन्नईत, 2007 च्या सुरुवातीला मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत, मग 2012 पासून टप्प्याटप्प्याने देशभर. प्रत्येक घर, प्रत्येक टीव्ही मोजला गेला. 2019 मध्ये ट्रायने नियम आणला की शंभर वाहिन्यांपर्यंत मूळ भाडं जास्तीत जास्त 130 रुपये अधिक कर, म्हणजे 153 रुपये आणि वर काही पैसे. पैसे भरायच्या वाहिन्या ज्याने त्याने निवडायच्या. कागदावर ग्राहक राजा. प्रत्यक्षात घरोघरी मराठी, हिंदी, क्रिकेट, कार्टून असं एकेक जोडत गेल्यावर अनेकांचं बिल होतं त्याहून वाढलं.

आणि या सगळ्याच्या मधेच 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, डेटा पाण्यासारखा स्वस्त झाला आणि जी गोष्ट 1933 च्या कायद्याला जमली नाही, ती आपसूक झाली. एक माणूस, एक स्क्रीन, एक हेडफोन. खालचा आकडा झाला एक. जुलै 2023 मध्ये नेटफ्लिक्सने भारतात घराबाहेर पासवर्ड वाटून घेणं बंद केलं तेव्हा सगळीकडे बरीच ओरड झाली. पण खरं सांगायचं तर तोपर्यंत घरातल्या घरात वाटून बघणंच संपत आलं होतं.

अपवाद एकच, आणि तो आपण शहरी लोक विसरून गेलोय. 16 डिसेंबर 2004 ला दूरदर्शनने सुरू केलेली डीडी डायरेक्ट प्लस, म्हणजे आजची फ्री डिश. डबा आणि छत्री एकदा विकत घ्या, महिन्याचं बिल शून्य. चार कोटींहून जास्त घरांत ती आहे असे अंदाज आहेत. आपल्या ओळखीत कुणाकडे नसते, एवढंच.

भागिले शून्य

आता माझा गुन्हा कबूल करतो.

गेल्या दिवाळीत मी आई-बाबांचं केबल बंद केलं. महिना 350, वर्षाला 4,200. "काय हे, सगळं तर फोनवर दिसतं" असं म्हणून साधं ब्रॉडबँड घेतलं, महिना 200. माझ्या अ‍ॅपांची लॉगिनं त्यांच्या टीव्हीवर टाकून दिली आणि वर्षाला 1,800 रुपये वाचवल्याच्या आनंदात पुण्याला परत आलो.

परवा माळा आवरायला गेलो तेव्हा दोन रात्री तिथे राहिलो. हॉलमध्ये टीव्ही बंद. बाबा खुर्चीत, कानात इयरफोन, फोनवर कुठल्यातरी बातम्या. आई आत ओट्याला फोन टेकवून मालिका बघतेय. मी विचारलं, "टीव्ही का लावत नाही?" आई म्हणाली, "अरे, तीन रिमोट आहेत, कुठला दाबला की काय होतं कळत नाही. आणि आता शेजारच्या काकू पण येत नाहीत."

काकू एकट्या राहतात. गेली दहा-बारा वर्षं रात्री आठला आमच्याकडे यायच्या, दोन मालिका बघायच्या, साडेनऊला जायच्या. सोबत कधी वाटीभर काहीतरी आणायच्या. केबल गेलं, मालिका आईच्या सहा इंची फोनवर गेली. त्यावर दोघी कशा बघणार? दोन-चार दिवस आल्या, मग म्हणाल्या, गुडघे दुखतात. चार पायऱ्या आहेत मधे. दहा वर्षं त्या चार पायऱ्यांनी गुडघे दुखत नव्हते.

म्हणजे मी खर्च 4,200 वरून 2,400 वर आणला. बरोबर. पण आधी त्या टीव्हीसमोर तीन माणसं असायची आणि आता एकही नाही. 2,400 भागिले शून्य. हा एरर कुठल्याही भाषेत एकच येतो, तुम्हाला सांगायला नको.

1956 चा तो प्रयोग वाचून मी लॅपटॉप का बंद केला, ते आता लक्षात आलं असेल. नुसतं यंत्र असलेलं गाव आणि मंडळ असलेलं गाव यांतला फरक मी माझ्याच घरात, उलट्या दिशेने करून दाखवला होता.

मग केलं काय?

पहिला विचार फ्री डिशचा केला. उत्तम सोय आहे, सह्याद्री आहे, काही खाजगी मराठी वाहिन्याही असतात. पण त्यांच्या जागांचे लिलाव होतात, त्यामुळे यादी बदलत राहते, आणि काकूंच्या दोन्ही मालिका त्यात नव्हत्या. तेव्हा मुकाट्याने केबल परत सुरू केलं. ब्रॉडबँड बाबांनी ठेवू दिलं नाही. "फोनमध्ये रोजचा नेट येतोच की," म्हणाले. ते बरोबरच होतं, हे माझ्यासारख्या इंजिनिअरला आधी सुचायला हवं होतं. म्हणजे साताऱ्यात होतं ते जसंच्या तसं परत आलं.

बचत मग मी माझ्या घरात केली. दोन साधे नियम केलेत:

एक, एका वेळी एकच ओटीटी. त्यावरचं बघून झालं की ते बंद, पुढच्या महिन्यात दुसरं. चार दुकानांत एकदम कुणी जेवत नाही. यातून 6,700 चे साधारण अडीच हजारांवर येतील असा हिशेब आहे.

दोन, काहीही घेताना किंवा बंद करताना आधी विचारायचं, समोर किती माणसं बसतात? किंमत नंतर.

दुसऱ्या नियमाची पहिली अंमलबजावणी गेल्या रविवारी झाली. मॅचचं अ‍ॅप आमच्याकडे नव्हतं, समोरच्या फ्लॅटमध्ये होतं. तीन वर्षं त्या दारासमोरून जातोय, नाव फक्त पाटीवर वाचलेलं. बेल वाजवली. आम्ही भजी घेऊन गेलो, त्यांनी चहा केला. सात माणसं, एक स्क्रीन. मॅच हरलो तो भाग वेगळा.

आजोबांचं ते पुस्तक मी पुण्याला घेऊन आलोय, टीव्हीच्या शेजारी ठेवलंय. आणि काल रात्री आईचा फोन होता, घाईघाईत: "नंतर बोलते रे, मालिका लागली. काकू आल्यात."

असो. भेटूच पुढच्या विकांताला.